फरशी, खिडक्या आणि ती मधली भिंत

प्रश्न असा आहे: दादरला शिवाजी पार्कजवळ १९३८ सालच्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतीत वाचकाचा दुसऱ्या मजल्यावर ७८० चौरस फुटांचा, सोसायटीतला मालकीचा फ्लॅट आहे. घरात पती, शाळकरी मुलगी आणि सासूबाई. अकरा फूट उंची, नक्षीच्या सिमेंट फरश्या, सागवानी खिडक्या, गोल कडेची बाल्कनी. इंटिरियर डिझायनरने आखणी दिली आहे: स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढायची, जुन्या फरशीवर मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, सगळीकडे फॉल्स सीलिंग, खिडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा, बाल्कनी हॉलमध्ये घ्यायची आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यात दुसरं बाथरूम. बजेट १८ लाख. सासूबाईंचा कडाडून विरोध आहे. त्यातच सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज सुरू आहे. वाचक विचारतात, "इमारत हेरिटेज यादीत नाही असं ऐकलंय. मग जुनं किती जपायचं? सासूबाईंच्या भावना सांभाळून आधुनिक घर करता येईल का?"

उत्तर:

तुमच्या पत्रात सासूबाईंच्या "भावना" हा शब्द तीनदा आला आहे. तो थोडा वेळ बाजूला ठेवून त्यांना वेगळे प्रश्न विचारा. जुलैमध्ये कुठल्या भिंतीला ओल येते? वरच्यांचं बाथरूम गळलं तेव्हा तुमच्या छताला डाग कुठे पडला? कुठली पाइप फुटली होती, कुठल्या फरश्या बदलल्या, बाल्कनीचं प्लास्टर कधी निघालं? इतकी वर्षं त्या घरात वावरलेल्या माणसाकडे जी माहिती असते ती कुठल्याही नकाशात नसते. त्यांची उत्तरं फ्लॅटच्या प्लॅनवर पेन्सिलीने नोंदवा. हा कागद डिझायनरच्या थ्रीडी चित्रांआधी टेबलावर यायला हवा. त्यांचा विरोध बदलाला आहे की तोडफोडीला, हेही तेव्हाच कळेल.

आता ती भिंत. डिझायनरने ठोकून बघितली, पोकळ वाजली, म्हणून ती भार घेत नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. आवाजावरून गिलावा सुटला आहे एवढंच कळतं. १९३० च्या दशकात मुंबईत आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, नवं होतं. त्या काळच्या अनेक इमारतींत बाहेरच्या विटांच्या भिंती भार घेतात आणि आत कुठे आरसीसीच्या तुळया, तर कुठे काँक्रीटमध्ये गुंडाळलेले लोखंडी गर्डर असतात. सगळा सांगाडा एकाच पद्धतीचा असेल असं गृहीत धरता येत नाही. शिवाय पार्टिशन म्हणून बांधलेली साडेचार इंची भिंतही कालांतराने भार घ्यायला लागते. ऐंशी-नव्वद वर्षांत स्लॅब थोडा झोळ खातो आणि त्या भिंतीवर टेकतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिसऱ्या मजल्यावर त्याच जागी तीच भिंत असणार. तिच्याखाली तुळई आहे का? नसेल तर साडेचार इंच जाड, बारा फूट लांब आणि साडेदहा फूट उंच वीटभिंतीचं, दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट, सुमारे तीन टन वजन आज तुमच्या भिंतीवरून खाली उतरत असेल. तुम्ही ती काढलीत की ते वजन नुसत्या स्लॅबवर येईल. लगेच काही होत नाही, आणि गोम तिथेच आहे. सहा महिन्यांनी वरच्यांच्या भिंतीत तिरपी भेग दिसते, त्यांचा दरवाजा अडकायला लागतो, आणि मग सोसायटीच्या सभेत तुमचं नाव निघतं.

त्यामुळे पहिला खर्च लायसनधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. त्याच्याकडून नुसतं पत्र घेऊ नका, तपासणी करून घ्या. भिंतीच्या माथ्याशी फूटभर गिलावा काढून तुळई आहे का ते पाहणं, वरच्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन भिंती जुळवणं, सळ्या शोधणारं यंत्र स्लॅबखाली फिरवणं, आणि दोन-तीन ठिकाणी काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फ्थेलिन हे रंग बदलणारं रसायन मारणं. काँक्रीट गुलाबी झालं तर त्यातला क्षार शाबूत आहे. रंग आलाच नाही तर काँक्रीटचं कार्बोनेशन झालेलं आहे आणि तिथल्या सळ्यांना गंजापासून संरक्षण उरलेलं नाही. तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५३ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा सोसायटीकडे जुना अहवाल असायला हवा. तो आधी मागून घ्या.

इंजिनिअरने पूर्ण भिंत काढायला नकार दिला तरी मोकळेपणाचे मार्ग आहेत. दोन्ही टोकांना किमान फूटभर भिंत ठेवून मध्ये चार फुटांचं उघडं, वर दोन्हीकडे सहा ते आठ इंच टेकणारं लिंटेल (उघड्यावरचा भार पेलणारी आडवी तुळई), हे बऱ्याचदा मान्य होतं. लिंटेल बसेपर्यंत खाली टेकू द्यायचे आणि ब्रेकरऐवजी कटरने कापायचं. तेही नको असेल तर ओट्याच्या उंचीवर पाच फुटांची सागवानी चौकटीची सरकती खिडकी करा, उजेड आणि गप्पा दोन्ही हॉलमध्ये पोचतात. शिवाय, ओपन किचनमध्ये बोंबील तळले की ते आठवडाभर सोफ्यालाही माहीत असतात. चिमणीचा सहा इंची पाइप कमीत कमी वळणांनी बाहेर काढला आणि त्याचं भोक हातोड्याऐवजी कोअर कटरने पाडलं तरी हा त्रास फक्त कमी होतो.

बाल्कनी हॉलमध्ये घेण्याची कल्पना मात्र मी सरळ काढून टाकेन. बाहेर झेपावलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळ्याही वरच्या बाजूला, फरशीखाली असतात. फरशीच्या सांध्यांतून मुरणारं पाणी आधी त्यांनाच गाठतं. खालून छान रंगवलेली बाल्कनी वरून गंजलेली असू शकते. अशा बाल्कनीत हॉलच्या लेव्हलला आणण्यासाठी भर घालायची, वर टाइल्स, कडेला काचेची भिंत: हे सगळं वजन नेमकं नको तिथे जातं. बाल्कनी बंद करायला परवानगी लागते ती वेगळीच. तिथे करण्यासारखं काम दुसरं आहे. जुनी फरशी जपून उचला, सळ्या तपासा, गंज घासून दुरुस्ती करा, वॉटरप्रूफिंग करा, बाहेरच्या बाजूला फुटाला किमान पाव इंच उतार द्या आणि तीच फरशी परत बसवा.

फरशीविषयी तुमचा समज असा दिसतो की ती मळकट झाली म्हणजे संपली. मुंबईतल्या त्या काळच्या घरांत १९२२ साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या देशी कारखान्यांच्या दाबून बनवलेल्या सिमेंट फरश्या सर्रास बसवल्या जात. आठ इंची चौकोन, जाडी जेमतेम पाऊण इंच ते इंचभर, आणि वर रंगीत सिमेंटचा फक्त काही मिलिमीटरचा थर. हा थर भट्टीत भाजलेला नसतो, रंग सिमेंटमध्येच मिसळलेला असतो. म्हणून तो झिजला तरी नक्षी टिकते, आणि म्हणूनच तो ऍसिडने मरतो. बाथरूम धुण्याचं ऍसिड एकदा जरी ओतलं तरी सिमेंट खाल्लं जातं, फरशी खरखरीत होते आणि नंतर दुप्पट मळते. तुमच्या फरशीचा मळकटपणा बहुधा असाच, किंवा वर्षानुवर्षांच्या मेणाच्या आणि तेलकट पुसण्याच्या थरांचा असेल.

आधी एका कोपऱ्यात, दाराआड, चार फरश्यांवर प्रयोग करा. सौम्य साबणाचं कोमट पाणी आणि नायलॉन ब्रश, मग स्वच्छ पाणी, दोन दिवस वाळू द्या. बऱ्याचदा एवढ्यानेच रंग दिसतो. पुढे पॉलिश करायचं असेल तर पॉलिशवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. मोझॅकला तो सवयीने ६० नंबरच्या जाड दगडाने सुरुवात करतो. नक्षीच्या फरशीवर तो दगड फिरला की रंगाचा थरच जाईल. इथे २२० किंवा ४०० पासून सुरुवात करून ८००, १५०० पर्यंत जायचं, भरपूर पाण्याने आणि मशीन एका जागी न थांबवता. त्याआधी सगळी फरशी लाकडी ठोक्याने वाजवून पोकळ फरश्यांवर खडूने खूण करा. त्यांचे सांधे पातळ ब्लेडने कापले तर फरशी अख्खी निघते. सांधे रंग जुळवलेल्या सिमेंटच्या घोळाने भरायचे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. शेवटी आत मुरणारा सीलर लावा, वर चकचकीत थर धरणारं कोटिंग नको. जुन्या भरावातली ओल वर यायला वाट हवी असते. ती अडली की कोटिंगखाली पांढरे डाग उठतात.

फुटलेल्या फरश्यांना बदली कुठून आणायच्या? तुमच्याच घरातून. मॉड्युलर किचनच्या कपाटांखाली आणि भिंतीतल्या वॉर्डरोबखाली जिथे फरशी कायमची झाकली जाणार आहे तिथल्या फरश्या उचला, त्या हॉलमध्ये वापरा आणि रिकाम्या जागी साधं सिमेंट भरा. नव्या करून घेतल्या तरी त्यांचा रंग ताजा असतो, म्हणून त्या एका खोलीत एकत्र किंवा पट्ट्यात वापरलेल्या बऱ्या, मध्येच ठिगळासारख्या नकोत.

आणि वजनाचा हिशेब. जुन्या फरशीवर ४० मिलिमीटर मसाला आणि १० मिलिमीटरची टाइल म्हणजे चौरस मीटरला सुमारे १०५ किलो. ६०० चौरस फुटांना जवळजवळ सहा टन. भारतीय मानकांनुसार घराचा स्लॅब माणसं-सामान मिळून चौरस मीटरला २०० किलोच्या वापरभारासाठी आखतात. त्यातला अर्धा भाग तुम्ही टाइल्सनेच खर्च करता. केमिकलने थेट चिकटवली तर वजन ३० किलोवर येतं, पण तेव्हाही सगळे दरवाजे खालून कापावे लागतात आणि बाल्कनीचा उंबरा बुजत जाऊन पावसाचं पाणी आत येतं. जुनी फरशी फोडून काढायची म्हटली तर ब्रेकरच्या हादऱ्यांनी पहिल्या मजल्यावरच्यांच्या छताचं प्लास्टर पडतं.

वजनावरून आठवलं, कामाच्या दिवसांत डेब्रिजच्या गोण्या एका जागी रचू देऊ नका. तीस किलोच्या चाळीस गोण्या दोन मीटर बाय दोन मीटरमध्ये रचल्या तर चौरस मीटरला ३०० किलो होतात. रोजच्या रोज खाली न्यायच्या, नाहीतर भिंतीलगत एकेरी ओळीत ठेवायच्या. हे मुकादमाला तोंडी न सांगता करारात लिहा.

खिडक्या. त्या काळचं सागवान, बहुतेकदा ब्रह्मदेशातलं, आज त्या प्रतीचं मिळणं कठीण. तुमच्या तक्रारी तीन आहेत: आवाज, धूळ, आणि पावसात फुगून अडकणं. तिसरी बहुधा लाकडाची नसून त्यावर चढलेल्या ऑइलपेंटच्या थरांची आहे. हा रंग काढताना कोरडं सँडिंग करू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि घरात लहान मूल आहे. ओलं खरवडणं, खाली प्लास्टिक, कामगाराला धुळीचा चांगला मास्क, आणि मुलीला ते दिवस आजोळी पाठवलेलं बरं. मग बिजागऱ्या बदला, काचेची पुट्टी नवी भरा, खाचेत रबरी गॅस्केट बसवा. मैदानावरच्या लाउडस्पीकरसाठी मूळ झडपा तशाच ठेवून आतल्या बाजूला, जाड भिंतीच्या खोलीत, बारीक चौकटीची लॅमिनेटेड काचेची दुसरी खिडकी बसवा. दोन्हींमध्ये चार इंचांची पोकळी मिळाली तर आवाज खूपच कमी होतो, नुसत्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियमपेक्षा नक्कीच, कारण सरकत्या खिडकीला फट असतेच. एसीचं बाहेरचं युनिट छज्ज्यावर ठेवू नका. छज्जाही बाल्कनीसारखाच झेपावलेला असतो.

हेरिटेज यादीचं ऐकीव माहितीवर सोडू नका. वॉर्ड ऑफिसात किंवा आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या यादीत इमारतीचं आणि परिसराचं नाव तपासा. ग्रेड तीनमध्ये आतल्या बदलांना साधारणपणे वाव असतो, बाहेरून दिसणाऱ्या बदलांवर मात्र वारसा संवर्धन समितीची नजर असते. गिलावा, रंग, फरशी बदलणं अशी किरकोळ दुरुस्ती महापालिका कायद्याच्या कलम ३४२ प्रमाणे परवानगीशिवाय करता येते. भिंत काढणं आणि नवं बाथरूम त्यात बसत नाही. आणि नाव यादीत नसलं तरी जपण्यासारखं काही नाही असं कसं म्हणणार? २०१८ साली युनेस्कोच्या यादीत ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती गेल्या, पण ती शैली दादर-माटुंग्यापर्यंत पोचली होती. तुमची गोल बाल्कनी त्याच घराण्यातली आहे.

दुसरं बाथरूम हा तुमच्या आखणीतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात धोक्याचा भाग आहे. या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला नसतो. कमोडच्या चार इंची पाइपला चाळीसास एक उतार लागतो, म्हणजे बाहेरच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपपर्यंत दहा फूट अंतर असेल तर तीन इंच नुसत्या उताराला. वर पाइपची जाडी, वर फरशी. झालं आठ इंच. तेवढा विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला साडेतीनशे किलोंहून जास्त, तेही पहिल्या मजल्यावरच्यांच्या झोपण्याच्या खोलीवर. त्याऐवजी आहे तेच बाथरूम नीट विभागा. बाहेरच्या भिंतीला लागून, मागून आडवा निचरा असलेला भिंतीवरचा कमोड वेगळ्या दारात, अंघोळीची जागा वेगळ्या दारात, बेसिन बाहेर पॅसेजमध्ये. सकाळच्या घाईत तिघं एकाच वेळी आवरू शकतात, आणि दुसऱ्या बाथरूमची निम्मी गरज तिथेच संपते.

त्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करताना घाई नको. स्लॅबपर्यंत सगळं काढा, भेगा आणि नहाणी ट्रॅपभोवतीची जागा नॉन-श्रिंक ग्राउटने (वाळताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा, पॉलिमर सिमेंटचे दोन हात आडवे-उभे द्या, भिंतीवर सगळीकडे फूटभर आणि शॉवरपाशी सहा-सात फुटांपर्यंत चढवा. मग ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. ही चाचणी टाइल्स लावण्यापूर्वीची असते. टाइल्स लावल्यावर पाणी भरून दाखवणारा कंत्राटदार तुम्हाला फक्त टाइल्स दाखवत असतो. लोखंडी जीआय पाइप भिंतीत असतील तर सगळे बदलून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप घाला. अर्धे जुने ठेवले तर पुढची गळती सांध्यावर ठरलेली.

वायरिंगवर मात्र हात आखडू नका. मूळ वायरिंग लाकडी पट्टीतलं दोन तारांचं, अर्थिंगशिवाय असेल, तर पूर्ण नवं करा: दिव्यांना १.५, सॉकेट्सना २.५ आणि एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्रत्येक एसी-गिझरला स्वतंत्र सर्किट, आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. दोन एसी, गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन मिळून आठ-नऊ किलोवॉट सहज होतात. बेस्टच्या बिलावर तुमचा मंजूर भार किती आहे ते आजच बघा. वाढवायचा असेल तर इमारतीची जुनी मुख्य केबल पुरेल का हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर मिळायला वेळ लागतो. भिंतीत झिरी मारताना उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी म्हणजे पाऊण इंच, त्यात पाइप बसतच नाही. म्हणून आडव्या तारा लाकडी स्कर्टिंगमागून किंवा दाराच्या वरच्या पट्टीमागून न्या. तुळई आणि खांबाला छिन्नी लागता कामा नये.

फॉल्स सीलिंग फक्त पॅसेजमध्ये करा, तिथे एसीचे पाइप लपतात. दीड फुटाची उघडणारी झडप ठेवा. बाकी खोल्यांत अकरा फूट उंची ही तुमच्या घराची खरी चैन आहे, आणि स्लॅब डोळ्यांसमोर राहिलेला बरा. गंजाचा पहिला तपकिरी डाग दिसला की खर्च हजारांत असतो.

ओल येणाऱ्या भिंतीवर पुट्टी, प्लॅस्टिक पेंट किंवा प्लायवूडची पॅनेलं चढवू नका. गिलावा चुन्याचा असेल तर दुरुस्तीही चुन्याचीच हवी. नुसत्या सिमेंटचं ठिगळ कडेने सुटतं. ओल कुठून येते ते पावसाळ्यात बघायचं आणि काम ऑक्टोबरनंतर सुरू करायचं. किचनबद्दल एवढंच: आधी वाळवी तपासा, कपाटं बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या, प्लायची आणि खालीवर होणाऱ्या पायांवर घ्या, आणि दोन्ही टोकांना दोन इंचांची पट्टी ठेवा, कारण तुमच्या भिंती ओळंब्यात नाहीत हे नक्की.

राहिला पुनर्विकास. कुजबुज आणि ठराव यांत वर्षांचं अंतर असतं. सेक्रेटरींना लेखी विचारा की सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या पुनर्विकासाच्या निर्देशांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे का, प्रकल्प सल्लागार नेमला आहे का. दोन्ही झालं असेल तर वायरिंग, गळती, खिडक्यांची डागडुजी यांवर थांबा आणि आधुनिकतेचा खर्च उचलून नेता येईल अशा वस्तूंवर करा: सुटी कपाटं, दिवे, टेबल, पायांवरचं किचन. काहीच झालं नसेल तर १८ लाखांतून दोन लाख हात न लावता ठेवा, कारण भिंत उघडल्यावर काहीतरी निघतंच. उरलेल्यातून क्रम असा: तपासणी आणि स्लॅब-बाल्कनीची दुरुस्ती, मग नळ आणि वॉटरप्रूफिंग, मग वायरिंग, मग खिडक्या आणि फरशी. फर्निचरला जे उरेल ते. डिझायनरला हा क्रम पटत नसेल, तर प्रश्न सासूबाईंचा नाही, डिझायनरचा आहे.

काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात खालच्या आणि वरच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे जाऊन त्यांच्या छताचे, भिंतींचे, आधीपासूनच्या भेगांचे तारखेसह फोटो काढा आणि त्यांनाही पाठवा. आणि नवा गिलावा चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा, तारा आणि नळ उघडे असताना, मोजपट्टी लावून एकेक फोटो काढून ठेवा. पुढे खिळा ठोकताना तो लागतो.